कृष्णाकाठच्या घाटांचे फोटो : भिंत, पाणी आणि तिरकं ऊन

घाटाचा म्हणून जो फोटो आपल्याकडे फिरत असतो, त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात. वर सोनेरी आकाश, मध्ये देवळाचं शिखर आणि खाली एक काळपट पट्टा. तो काळपट पट्टा म्हणजे घाट! ज्याच्यासाठी उन्हातान्हात तिथवर गेलो, तोच फोटोत दिसत नाही. मी स्वतः चार-पाच वर्षं असेच फोटो काढले. वाईचे, मेणवलीचे, साताऱ्याजवळच्या माहुलीचे. एका दिवाळीत ते सगळे एकापाठोपाठ एक बघत बसलो, तेव्हा लक्षात आलं की त्यातली वाई कुठली आणि माहुली कुठली हे मला फक्त शिखरांवरून ओळखता येतंय. दगडावरून एकही ओळखता आला नाही.

समुद्रकाठच्या तटबंदीचे फोटो काढणारे लोक भरती-ओहोटीचं कोष्टक बघितल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. आपल्या नदीला भरती नाही, म्हणून आपण काहीच न बघता निघतो. खरं तर घाटाची भिंतही पाण्यासाठीच बांधलेली असते. पुराने काठ खचू नये, वरचं देऊळ-वाडा वाहून जाऊ नये आणि पाणी उतरलं की माणसाला खाली जाता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. म्हणून फोटोत भिंत पाण्याला कशी भिडते ते दिसलं नाही, तर मागे उरते ती नुसती दगडांची रास. पुढे जे लिहितोय ते हे एवढंच कसं साधायचं याबद्दल आहे. मोबाइल असो की मोठा कॅमेरा, बहुतेक गोष्टी दोघांना सारख्याच लागू पडतात.

निघण्याआधी पाण्याची चौकशी

मेणवली आणि वाई ही दोन्ही ठिकाणं धोम धरणाच्या खाली आहेत. घाटाच्या किती पायऱ्या उघड्या असतील हे पावसाइतकंच धरणातून नदीपात्रात किती पाणी सोडलंय यावर ठरतं. माहुलीला तर दुहेरी हिशोब. तिथे कृष्णेला वेण्णा मिळते आणि वेण्णेवर कण्हेर धरण आहे. त्यामुळे एका नदीचं पाणी चढलेलं आणि दुसरीचं उतरलेलं, असंही बघायला मिळतं. पावसाळ्यात विसर्गाचे आकडे स्थानिक पेपरात आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर रोज फिरत असतात. ते वाचायची सवय लावा. सांगलीकरांना ही सवय शिकवावी लागत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आपण सातारकर वरच्या अंगाला राहतो म्हणून जरा निवांत असतो, इतकंच.

विसर्ग वाढणार असल्याची सूचना असेल, तर खालच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही. सूर्य कितीही सुंदर बुडत असला तरी नाही. पाणी अंगावर धावून येत नसतं. तुम्ही पडद्यात डोकं घालून बसलेले असता आणि ते मागच्या पायरीवर चढलेलं असतं.

ऋतूचा हिशोब थोडक्यात सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये पायऱ्या बुडालेल्या असतात, तेव्हा वरूनच, पुलावरून किंवा उंच ओट्यावरून फोटो घ्यायचे. सप्टेंबर-ऑक्टोबर माझ्या सगळ्यात आवडीचे. पाणी उतरतं, आकाश धुतलेलं असतं आणि भिंतीवर पुराच्या गाळाची आडवी रेघ ताजी असते. पाणी कुठवर आलं होतं हे सांगणारी ती रेघ दोन-तीन आठवड्यांत उन्हाने आणि माणसांच्या वावराने पुसट होते, म्हणून तेव्हा टाळाटाळ करू नये. हिवाळ्यात ऊन चांगलं असतं. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, भिंतीचं एरवी न दिसणारं जोतं दिसतं आणि त्यासोबत प्लॅस्टिकही दिसतं.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

हे कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवा. घाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वरून चालत जा आणि येताना पाण्याजवळून या. भिंतीला तळहात लावून बघा. आपला दगड म्हणजे काळा बेसाल्ट. दुरून सगळा एकच वाटतो, पण हाताला तीन-चार तऱ्हा लागतात. घडीव चिऱ्यांचं नेटकं काम, त्याच्या शेजारी कधीतरी नंतर केलेली ओबडधोबड डागडुजी, वर सिमेंटचा गिलावा. चिऱ्यांच्या सांध्यात चुना कुठे शाबूत आहे, कुठे निघून गेलाय, कुठे पिंपळाने किंवा उंबराने मूळ घातलंय, कोणत्या पायऱ्या मधोमध झिजल्यात, हे सगळं या फेरीत कळतं. गोमुख, दिव्यांचे कोनाडे, ओवऱ्या, दोर घासून पडलेल्या खाचा यांची मनात नोंद करा. भिंतीची लांबी, तिचा उतार आणि तिला आलेली वयाची चिन्हं, या तीनपैकी आज कशाचा फोटो काढायचा ते इथेच ठरवा. तिन्ही एकाच फोटोत कोंबायला गेलं की पुन्हा तो काळपट पट्टा.

मोबाइलमधलं होकायंत्र उघडून भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही टिपून ठेवा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

उन्हाचं गणित

भिंतीचा पोत दिसतो तो सावलीमुळे. ऊन समोरून भिंतीवर पडलं, तर प्रत्येक चिऱ्याची सावली त्याच्याच मागे लपते आणि भिंत सपाट दिसते. ऊन भिंतीला घासून गेलं की प्रत्येक सांधा, छिन्नीचा प्रत्येक टवका स्वतःची बारीक सावली टाकतो. छायाचित्रकार जे ‘सोनेरी तास, सोनेरी तास’ म्हणत असतात, त्यातला सोनेरी रंग घाटाला दुय्यम आहे. खरं काम तिरकेपणा करतो.

वाईचं गाव कृष्णेच्या डाव्या, म्हणजे उत्तरेकडच्या काठावर आहे. म्हणजे गावाकडच्या घाटांचं तोंड ढोबळमानाने दक्षिणेला. ढोबळमानाने अशासाठी की नदी वळते तसा घाटही वळतो. आता डिसेंबरच्या शेवटी आपल्या अक्षांशावर सूर्य पूर्वेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला उगवतो. दक्षिणमुखी भिंतीवर सकाळचं पहिलं ऊन त्याच कोनात, बाजूने येतं. हा चांगला तिरकेपणा आहे आणि तो उगवल्यापासून तास-सव्वा तास टिकतो. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतो. तेव्हा ऊन भिंतीला अगदी चाटून जातं आणि छिन्नीचे घाव मोजता येतील इतके उठून दिसतात. जूनमध्ये मात्र सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि दक्षिणमुखी भिंतीवर सकाळी ऊनच येत नाही. पहाटे उठून पोचलेला माणूस सावलीत बसून वडापाव खातो. मी खाल्लाय.

‘दुपारी फोटो काढू नयेत’ हा नियम माणसांच्या चेहऱ्यांसाठी ठीक आहे. उभ्या भिंतीसाठी तो उलटा लागू पडतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याच्या परिसरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्याच्या आधीचे दोन आठवडे, म्हणजे एप्रिलच्या शेवटापासून, बारा ते एकच्या दरम्यान ऊन दक्षिणमुखी भिंतीवरून वरून खाली घसरत येतं. चिऱ्यांचे आडवे सांधे पेनाने ओढल्यासारखे काळे उमटतात. बाहेर आलेला प्रत्येक दगड खाली लांब सावली सोडतो. आपल्या घाटांचे मी काढलेले सगळ्यात बोलके फोटो या भयंकर उन्हातले आहेत. टोपी, पाणी आणि पायात जाड तळव्याची चप्पल पाहिजे, कारण दगड तव्यासारखा तापलेला असतो. शून्य सावलीचा दिवस उलटला की जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि हीच भिंत नेमकी मध्यान्हीला सावलीत जाते. म्हणजे ही संधी वर्षातून फार थोडे दिवस.

संध्याकाळचं एक स्थानिक गणितही लक्षात ठेवा. वाईच्या पश्चिमेला पसरणीचा घाट आणि पाचगणीचं पठार आहे. सूर्यास्ताची वेळ मोबाइल जी सांगेल, त्याच्या बराच आधी सूर्य डोंगराआड जातो. संध्याकाळच्या फोटोसाठी छापील वेळेच्या तासभर आधी तयारीत उभं राहा.

ढगाळ दिवस वाया जात नाही. तेव्हा पोत नाही, रंग मिळतो. शेवाळाचा हिरवा, ओल्या दगडाचा निळसर काळा, चुन्याचा मळकट पांढरा. आकाश मात्र चौकटीतून पूर्ण काढून टाका. पांढऱ्या आकाशाचा एक तुकडा कोपऱ्यात राहिला तरी नजर तिकडेच पळते.

सामान

मोबाइल असेल तर लेन्स पुसायला जुन्या सुती धोतराचा तुकडा आणि छोटा स्टँड. कॅमेरा असेल तर २४ ते ७० मिमीच्या आसपासची एक लेन्स, जमल्यास समोरच्या काठावरून काढायला ७०-२०० मिमी सारखी लांब लेन्स, तिपाई, पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आणि एक सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). बस्स.

तिपाईबद्दल मात्र सांगायला हवं. एका ऑक्टोबरात मी तिपाईचे दोन पाय पायरीवर आणि तिसरा पाण्यातल्या पायरीवर ठेवला. तिथलं शेवाळ पाण्याखाली दिसत नव्हतं. तिपाई नमस्कार घातल्यासारखी सावकाश पुढे झुकली. कॅमेरा मी धरला, पण स्वतः गुडघाभर पाण्यात बसलो. वर धुणं धूत असलेल्या मावशी म्हणाल्या, “आवं दादा, हितं आमी बी बगून पाय टाकतो.” तेव्हापासून तिन्ही पाय कोरड्यात, मधला दांडा वर न काढलेला आणि पट्टा मनगटाला, हा माझा नियम आहे. पायरीवर उतरताना आधी पायाचा अंगठा दाबून बघायचा. हिरवं दिसतं ते शेवाळ एक वेळ परवडतं, काळं पडलेलं जास्त दगा देतं.

उभं कुठे राहायचं

घाटाखाली उभं राहून मोबाइल वर केला की भिंत मागे रेलल्यासारखी दिसते, बुरूज शंकूसारखा निमुळता होतो. कॅमेरा वर-खाली वाकवल्याचा हा परिणाम. उपाय सोपा आहे पण पायांना कष्ट देतो. मागे जा, उंच जा आणि कॅमेरा भिंतीला समांतर धरा. बहुतेक घाटांचा खरा चेहरा समोरच्या काठावरूनच दिसतो, म्हणून नदी ओलांडून पलीकडे जायला आळस करू नये. पलीकडून लांब लेन्सने किंवा मोबाइलच्या दोन-तीन पट झूमने काढलं की पायऱ्या एकावर एक दाटीने बसलेल्या दिसतात, भिंतीची उंची खरी वाटते आणि पायथ्याचं पाणीही चौकटीत येतं. मोबाइलचं अर्धा पट रुंद भिंग शक्यतो वापरू नका. त्याने कडेची भिंत वाकते आणि घाट तव्यासारखा खोलगट दिसतो.

पडद्यावर चौकटीच्या रेघा चालू करा. पाण्याची कडा आडवी आहे की नाही ते बघा, पायऱ्यांवर विसंबू नका. अडीचशे वर्षांत पायऱ्या थोड्याफार खचलेल्या असतात, पाणी मात्र सपाटच असतं. तरीही थोडा कल राहिला, तर तो नंतर दुरुस्त करता येतो. दुरुस्तीत कडा कापल्या जातात, म्हणून चौकटीत चारी बाजूंनी थोडी जागा सोडून ठेवा.

पुलावरून काढत असाल तर तिपाईचा उपयोग होत नाही, कारण गाडी गेली की पूल थरथरतो. हातात धरून, १/२५० सेकंदाच्या पुढचा वेग ठेवून काढा आणि पाठीमागच्या एसटीकडे लक्ष असू द्या.

लांब घाट एका फोटोत मावत नसेल तर पॅनोरमाचा मोह होतो. मोबाइल फिरवून काढलेल्या पॅनोरमात सरळ भिंत केळ्यासारखी वाकते. त्यापेक्षा समोरच्या काठावरून, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस दोन्ही कायम ठेवून, उभ्या चौकटीत एकामागून एक फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा तरी आला पाहिजे. लांबून काढल्यामुळे वाकडेपणा कमी येतो. वाहतं पाणी जोडताना तुकडे दिसतात, त्यासाठी पाण्याचा भाग शक्यतो एकाच फोटोतला ठेवायचा.

काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो

कॅमेऱ्याला बेसाल्ट काळा असतो हे माहीत नसतं. चौकटीत जे काही असेल ते सरासरीने मध्यम राखाडी असावं अशी त्याची समजूत. त्यामुळे नुसती भिंत दाखवली की तो ती उजळवतो आणि काळाभोर दगड पावडर लावल्यासारखा राखी दिसतो. उलट थोडं आकाश आलं की आकाश सांभाळायला भिंतीला काजळी फासतो. सुरुवातीला म्हटलेला काळपट पट्टा इथूनच जन्मतो.

नुसती भिंत असेल तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आणा. मोबाइलवर भिंतीवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कायम झाल्याची खूण आली की सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. भिंत ओली असेल तर आणखी जरा खाली. आकाश घ्यायचंच असेल, तर दोन एक्स्पोजर घ्या, एक आकाशासाठी, एक दगडासाठी, आणि घरी जोडा. मोबाइलचा एचडीआर हे आपोआप करतो, पण त्याचा हात सढळ असतो. तो सांध्यांतल्या सावल्यासुद्धा उजळून टाकतो आणि ज्या सावल्यांसाठी आपण सकाळी पाचला उठलो त्याच नाहीशा होतात. बंद करता येत असेल तर भिंतीपुरता बंद ठेवा. रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या मूळ फाइलची, सोय असेल तर चालू करा, काळ्या दगडात तिचा फायदा सगळ्यात जास्त दिसतो.

लेन्सचं छिद्र एफ ८ ते ११. त्यापुढे १६, २२ वर गेलं की सगळं फोकसमध्ये येतं खरं, पण बारीक तपशील मऊ पडतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबल्याचा हादरा बसत नाही.

ओल्या दगडावर आकाशाची पांढरी चकाकी येते आणि खालचा रंग झाकला जातो. पोलरायझर फिरवत गेलं की ती उतरते आणि दगडाचा खरा काळा रंग वर येतो. पण तोच फिल्टर पाण्यातलं प्रतिबिंबही पुसतो. भिंत हवी की भिंतीचं पाण्यातलं रूप हवं, ते आधी ठरवा आणि मग फिरवा.

पाणी किती वाहतं दाखवायचं

पाणी दुधासारखं करायची एक साथ आली आहे. दहा स्टॉपचा फिल्टर लावला की १/६० सेकंदाचा फोटो सतरा सेकंदांचा होतो, नदीचं धुकं होतं आणि घाट ढगात तरंगतो. दिसायला छान. पण तो घाट कुठलाही असू शकतो. भिंत पाण्याला कशी अडवते हे दाखवायचं असेल तर पाण्याला दिशा राहिली पाहिजे. साधारण १/४ सेकंद ते एक सेकंद या मर्यादेत प्रवाहाच्या रेघा उमटतात, बुरुजाच्या नाकावर पाणी फुटून दोन्हीकडे कसं जातं ते दिसतं. सहा स्टॉपचा फिल्टर असेल तर १/६० चा एक सेकंद होतो, तेवढा पुरे. पुराच्या पाण्यात उलटं करा. १/५०० किंवा त्याहून जास्त वेग, म्हणजे गढूळ लाटेचं वजन दिसतं. हिवाळ्यात पाणी जवळजवळ स्थिर असतं, तेव्हा पहाटे वारा सुटायच्या आत प्रतिबिंब घ्या. डिसेंबर-जानेवारीत नदीवर धुकं असतं. थंडगार झालेला कॅमेरा उबेत नेऊन लगेच बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, म्हणून पिशवी बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं त्याला ऊब लागू द्या. तोवर चहा.

एक उदाहरण : ढोल्या गणपतीची पाठ

आतापर्यंतचं सगळं एका जागी करून बघायचं असेल, तर वाईचा गणपती घाट. तिथलं महागणपतीचं देऊळ, म्हणजे आपला ढोल्या गणपती, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. जवळच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, ते आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधलेलं. गर्दी गणपतीच्या पुढच्या बाजूला असते. तुम्ही मागे जा. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर सरळ आदळू नये, दोन्ही बाजूंना फाकून निघून जावं म्हणून. नावेचं नाक जसं पाणी कापतं तसं, फक्त इथे नाव जागेवर आहे आणि पाणी चालतंय.

अडचण अशी की समोरून काढलं तर हे टोक दिसतच नाही, एक साधी भिंत दिसते. टोक दिसण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंवर वेगवेगळा उजेड हवा. एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत. मग मधली कड आपोआप धारेसारखी उठते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड असल्याने या भिंतीवर दुपारनंतरचं ऊन उपयोगी पडतं. तीननंतर जा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत राहा. सूर्य सरकतो तसा दोन्ही बाजूंवरचा उजेड बदलत जातो. उभं राहताना टोकाच्या बरोबर समोर न राहता थोडं एका अंगाला सरका, म्हणजे उजेडाची बाजू चौकटीचा दोन-तृतीयांश आणि सावलीची एक-तृतीयांश येईल. कॅमेरा कमरेएवढा खाली. उजेडाच्या बाजूवर बोट ठेवून एक्स्पोजर कायम करा, सावली काळी पडू द्या. पायथा आणि त्याच्यापुढची पाण्याकडची फरसबंदी चौकटीत आलीच पाहिजे, नाहीतर ही भिंत अशी का आहे ते बघणाऱ्याला कळणार नाही. आणि एक माणूस. टोकाजवळून जाणारा, स्वतःच्या कामात असलेला. त्याच्यामुळे उंची समजते.

पावसाळ्यात पाणी वर असताना हाच फोटो सुरक्षित उंचीवरून पुन्हा घ्या. दोन्ही शेजारी ठेवले की मथळा लिहायची गरज पडत नाही.

वाईहून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्यामागचा घाट आहे. तिथली मेणेश्वराजवळची मोठी घंटा चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. घंटेचा फोटो सगळे घंटेखाली उभं राहून काढतात. जरा मागे सरकून घंटा आणि तिच्यापलीकडचा घाट एका चौकटीत घ्या. समुद्रकाठच्या किल्ल्यातून आलेली घंटा आज नदीकाठी टांगलेली आहे, हे त्यात आपसूक येतं. वाडा खासगी मालकीचा आहे. आत तिपाई लावायची तर आधी विचारावं.

माणसं

घाट हे कुणाचं तरी रोजचं न्हाणीघर, धुणीघाट आणि देवघर असतं. अंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो लांब लेन्सने काढणं हा सरळ उर्मटपणा आहे. त्याला कलेचं नाव देऊ नये. दशक्रिया चालू असेल तर कॅमेरा पिशवीत. माहुलीला हे हमखास असतं, कारण संगमावर विधींसाठी लोक येतच असतात, आणि तिथला काठ मुळातच समाध्यांचा आहे. थोरल्या शाहू महाराजांची समाधी तिथलीच. मी तिथे गेलो की आधी कठड्यावर बसतो, कोण काय करतंय ते बघतो, मग पिशवी उघडतो.

एरवी नुसतं विचारलं तरी काम होतं. “मावशी, भिंतीचा फोटो काढतोय, तुम्ही आलात तर चालेल ना?” बहुतेक वेळा “काढा की” असंच उत्तर येतं. क्वचित “आमचा नगं” येतं, मग थांबायचं. फोटो दाखवून, शक्य असेल तर पुढच्या खेपेला छापून न्यायचा. माझ्याकडे वाईच्या घाटावरच्या जुन्या पुराच्या जेवढ्या हकिकती आहेत, त्या सगळ्या अशा छापील फोटोंच्या बदल्यात मिळालेल्या आहेत.

कृष्णाबाईच्या उत्सवात वाईचे घाट पाळीपाळीने नटतात. तेव्हा मंडप, माळा आणि गर्दी भरपूर असते, दगड मात्र दिसत नाही. उत्सवाचे फोटो काढायचे तर अवश्य जा, भिंतीचे काढायचे तर दुसरा दिवस बघा. ड्रोन मी वापरत नाही. नोंदणी आणि हद्दीचे नियम तर आहेतच, शिवाय वरून बघितलं की घाटाची उंची सपाट होते आणि पायऱ्या फक्त रेघा उरतात.

पुन्हा त्याच पायरीवर

एकाच भिंतीचे वर्षभरात सहा-सात फोटो, तेही एकाच जागेवरून, हा माझा सध्याचा उद्योग आहे. त्यासाठी उभं राहायची जागा पक्की लागते. समोरच्या काठावरचा एखादा न हलणारा खांब, कोपऱ्याचा दगड, ओट्याची कड अशी खूण धरा आणि तिथून पायाच्या मापाने अंतर लिहून ठेवा. दगडावर रंगाने खुणा करू नका. पहिला फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या खेपेला त्याच्याशी चौकट जुळवा. लेन्सचा आकडाही तोच.

प्रत्येक वेळी एक आकडा वहीत लिहायचा, पाण्यावर किती पायऱ्या उघड्या आहेत तो. फूटपट्टी लागत नाही, मोजायला मिनिट लागतं, आणि वर्षभराने फोटोंच्या रांगेला त्याच एका आकड्याने अर्थ येतो. सोबत तारीख, वेळ, धरणातून पाणी चालू होतं की नाही, एवढं पुरे. भिंतीचा एखादा चिरा निखळलेला किंवा झाडाचं मूळ वाढलेलं दिसलं तर त्याचा जवळून वेगळा फोटो घ्या. मापासाठी शेजारी एक मीटरची पट्टी धरून, कॅमेरा भिंतीला समांतर. डागडुजीचा विषय निघतो तेव्हा ‘आधी कसं होतं’ हे सांगायला असे फोटो लागतात आणि ते बहुधा कुणाकडेच नसतात.

घरी आल्यावर

फोटो त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेवा. फाइलचं नाव ‘मेणवली, १२ ऑक्टोबर, ७ पायऱ्या’ असं दिलं की शोधताना डोकं खाजवावं लागत नाही.

फोटोवरच्या संस्कारात (एडिटिंगमध्ये) आधी उभ्या रेघा सरळ करा, मग रंग. सावलीतला बेसाल्ट फोटोत निळा दिसतो. थोडा उबदारपणा वाढवा, पण दगड तपकिरी होईपर्यंत नको. ‘क्लॅरिटी’ नावाची जी पट्टी असते ती दहा-पंधराच्या पुढे नेली की दगड लोखंडासारखा दिसायला लागतो. रंग गोंधळ घालत असतील, पाठीमागे निळी ताडपत्री, लाल बादली वगैरे, तर कृष्णधवल करा. बेसाल्टला ते शोभतं. त्यात हिरव्या रंगाचा उजेड थोडा वाढवला की शेवाळ आणि दगड वेगळे होतात. छापायचा असेल तर मॅट कागदावर आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून बघा. पडद्यावर ठीक वाटणाऱ्या काळ्या सावल्या कागदावर हमखास बुजतात, तेवढा उजेड वाढवून मग मोठा छापा.

माझ्या वहीत वाईच्या एका भिंतीसमोर मागच्या खेपेची नोंद आहे, ‘९ पायऱ्या, गाळाची रेघ कोनाड्याच्या खाली दीड वीत’. त्या कोनाड्यात कुणीतरी पणती ठेवली होती. पुढच्या खेपेला जरा लवकर जाणार आहे, ती लावायला कोण येतं ते बघायला.